गाडी आणि इंजिन वेगळी करू नयेत

मी, श्रीमती सुनंदा भिकू गमरे, वय वर्षे सहासष्ट, व्यवसाय शिवणकाम आणि गेली काही वर्षे मोटारकामसुद्धा, राहणार बौद्धवाडी, खेडशी, तालुका व जिल्हा रत्नागिरी, माझ्यामागे माझ्या माणसांत वाद होऊ नयेत म्हणून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते.

माझी बुद्धी ठिकाणावर आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही, गोड बोलून फसवलेलं नाही. डॉ. ज्ञानेश्वरी पाथरे यांनी मला तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. तो मी सांगितला, आणि त्यांच्या ब्लाऊजची डावी बाही काखेत उसवली आहे हेही सांगितलं. त्यावर त्यांनी पुढचे प्रश्न विचारले नाहीत.

वकिलांनी एक मसुदा करून दिला होता. तो बरोबर होता, पण तो कोणाही बाईचा असू शकला असता. म्हणून त्यांची कलमं ठेवली आणि आतला मजकूर मी माझ्या शब्दांत लिहिला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हेच पहिलं आणि हेच खरं धरावं.

कलम एक. माझी माणसं.

माझे पती भिकू धर्मा गमरे मुंबईला गोदीत फिटर होते. सणावारी घरी यायचे, आणि कायमचे आले तेव्हा फुप्फुसं खराब करूनच आले. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मला दोन मुलं. थोरली मनाली, दापोलीजवळ मुरुडला दिलेली. तिच्या घरी पाहुण्यांसाठी खोल्या आहेत आणि खेड स्टेशनवरून पाहुण्यांना आणण्याचं काम ती स्वतः गाडी चालवून करते. धाकटा प्रज्ञेश, मोटार मेकॅनिक, माझ्याजवळ राहतो. याशिवाय माझ्या मिळकतीवर हक्क सांगणारं कोणी नाही. कोणी उपटलंच तर ते माझ्या ओळखीचं नाही.

कलम दोन. घर.

खेडशीचं चिऱ्याचं घर, पुढची पडवी आणि खळं ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. मांडवीच्या रस्त्याला माझं शिवणकामाचं दुकान होतं, त्यातून ते उभं राहिलं. मांडवीतल्या निम्म्या बायकांच्या लग्नातले ब्लाऊज या भिंतींत आहेत. हे घर प्रज्ञेशला द्यावं. मागच्या अंगाची खोली मात्र मनालीची, ती हयात असेपर्यंत. तिची किल्ली तिच्याकडेच राहील. ती येईल तेव्हा तिला पाहुणी म्हणून विचारायचं नाही, "किती दिवस राहणार?" असं तर मुळीच नाही.

खळ्यात जो पत्र्याचा मांडव आहे तिथे आमचं मोटारीचं वर्कशॉप चालतं. त्या जागेचा दुसरा कुठलाही उपयोग करू नये.

कलम तीन. गाडी.

हे कलम लांबणार आहे, कारण माझ्या सगळ्या मिळकतीत भांडण लागण्यासारखी वस्तू हीच आहे.

प्रज्ञेशने एक जुनी एस्टीम मोटार भंगारवाल्याच्या दारातून ओढून आणली होती. तिच्या इंजिनाला टर्बो बसवायचा आणि मोटारशर्यतीत उतरवायची हे त्याचं वेड. टर्बो म्हणजे काय ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. इंजिनातून बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, त्याच्या दांड्यावर दुसरा पंखा असतो, आणि तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त, तर ताकद जास्त. डिझेल गाडीचा एक छोटा टर्बो त्याने आणून ठेवला आणि त्याच आठवड्यात निवळी घाटात त्याच्या मोटारसायकलला ट्रकने उडवलं. जीव वाचला. उजवा हात कोपराच्या खाली काढावा लागला.

कोल्हापूरच्या हॉस्पिटलातून घरी आला तो भिंतीकडे तोंड करून निजला. जेव म्हटलं तर जेवायचा, ऊठ म्हटलं तर उठायचा नाही. मनाली मुरुडहून धावत आली, तर तिच्यावर खेकसला, "मला कोणाची कीव नको, तू जा तुझ्या घरी." ती रडत गेली आणि पुढे पुष्कळ दिवस त्यांचं बोलणं नव्हतं. मी त्याच्याशी भांडले, विनवलं, वैद्य केले. एकदा मी म्हटलं, "अरे, दुसरा हात हाय ना अजून." त्यावर तो भिंतीकडे बघूनच बोलला, "आये, मेकॅनिकचा हात गेला मग मेकॅनिक ऱ्हायला कुठं?"

मग मी दुसरं काम केलं. वाडीतली चार माणसं बोलावून ती गाडी ढकलत पडवीला आणून लावली, इंजिन अगदी त्याच्या खाटेसमोर. स्टूल घेऊन त्याच्यापुढे बसले आणि म्हटलं, "मी हे उघडतेय. चुकलं तर सांग. नाय सांगितलंस तर मोडेल."

मी चुकीचा पाना चुकीच्या बाजूला फिरवला. दुसऱ्यांदा फिरवला तेव्हा तो ओरडला, "उलटा! आये, उलटा!" हॉस्पिटलातून आल्यापासून त्याने घरात काढलेला तो पहिला मोठा आवाज. मला इतकं बरं वाटलं की मी मुद्दाम आणखी एकदा उलटा फिरवला.

तिथून कामाला सुरुवात झाली. इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याला मॅनिफोल्ड म्हणतात. गाडीचा मूळचा मॅनिफोल्ड लांब आणि बारीक नळ्यांचा होता. इंजिन आपलं आपण श्वास घेतं तेव्हा तो ठीक. दाबून हवा भरायची तर वर एक मोठी पेटी हवी, पेटीत हवा जमली पाहिजे आणि तिथून चारही नळ्यांना सारखी वाटली गेली पाहिजे. एकीला जास्त आणि एकीला कमी गेली तर इंजिन चालत नाही, घरही चालत नाही.

"नळ्यांचा आकार कसा काढायचा?" तो म्हणाला. "कॉम्प्युटरवर काढतात. माझ्याकडे ते नाय."

मी म्हटलं, "बेतून." जन्मभर तेच केलं होतं. वाकड्या खांद्याचा, पुढे आलेल्या पोटाचा, कसलाही माणूस मी कागदावर उतरवलेला. इंजिनाच्या तोंडावर खाकी कागद धरून कडेने बोट घासलं, तोंडांचे आकार उमटले. चारही नळ्यांचे कागद कापून वळवून टाचले. बॉनेट लावून पाहिलं, एक टेकत होती, तिला चिमटा घेतला. कागदाचा आख्खा मॅनिफोल्ड तयार झाला तेव्हा तो खाटेवरून उतरून खाली माझ्या शेजारी येऊन बसला. त्याचं त्याला कळलंही नाही.

त्या कागदावरून ॲल्युमिनियमची पेटी आणि नळ्या सागरने जोडल्या. सागर भाटकर हा प्रज्ञेशचा शाळेपासूनचा मित्र, मिरकरवाड्याला बोटींच्या दुरुस्तीत वेल्डिंग करतो. जोडून आणलं तेव्हा नळ्यांची तोंडं आणि इंजिनाची तोंडं यांच्यात बारीक पायरी राहिली होती. ती गोल कानशीने घासून काढायची होती.

"डोळ्यांनी बघू नको," प्रज्ञेश मला म्हणायचा. "आत बोट फिरव. अडतंय कुठं?"

"हितं."

"तिथं घास. थोडंच. परत फिरव."

बोटाला न लागणारी शिवण कशी असते ते मला माहीत होतं. घासता घासता मी आणि तो दोघंही हसायला शिकलो. एके दिवशी त्याने माझ्या हातातली कानस घेतली, डाव्या हाताने. वाकडी चालली. मी दुसरी कानस उचलली.

आता इंजेक्टर. पेट्रोलचा फवारा मारणाऱ्या चार छोट्या तोट्या असतात, त्या. हवा वाढवली की पेट्रोलही त्याच मापात वाढवावं लागतं, नाहीतर आतली आग नको तितकी तापते. जुन्या तोट्या पूर्ण उघड्या ठेवल्या तरी ते पेट्रोल पुरणार नव्हतं. मोठे इंजेक्टर मागवले होते, ते येईनात. प्रज्ञेशला धीर धरवेना. "कमी दाबाने चालवून बघू," म्हणाला. वरच्या सड्यावर, म्हणजे मोकळ्या कातळावर, मालकाची परवानगी काढून सागरने गाडी चालवली. पहिले दोन फेरे अशी काही पळाली की मी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या फेऱ्याला आतून कोणी खडे टाकल्यासारखा आवाज आला आणि गाडी थांबली. उघडून पाहिलं तर एक पिस्टन मेणबत्तीसारखा गळला होता.

प्रज्ञेश परत भिंतीकडे वळला. दीर रघू गमरे त्या दिवशी खळ्यात उभा राहून चारचौघांत म्हणाला, "वहिनी, पोरगा तर हातातनं गेलाच. आता गाडी तरी भंगारात घाल." हे वाक्य मी विसरलेले नाही. त्याचा निवाडा कलम सहामध्ये केला आहे.

मी मनालीला फोन केला. रडले नाही, एवढंच सांगितलं की इंजिन जळलंय आणि तुझा भाऊ जेवत नाही. ती दुसऱ्या दिवशी मुरुडहून आली. आत जाऊन त्याच्या उशाशी उभी राहिली आणि म्हणाली, "कीव करायला नाय आलेय. इंजेक्टर बसवून दे, गाडी मी चालवणार."

तो म्हणाला, "तू? पाहुण्यांची गाडी चालवणं वेगळं."

"खेडवरनं दापोलीचा घाट पावसात, धुक्यात, मागे ओकणारी पोरं घेऊन चालवते मी. तुझ्या सागरने कधी चालवलाय?"

तो उठून बसला.

मोठे इंजेक्टर आले ते जुन्यांपेक्षा आखूड निघाले. मॅनिफोल्डवरची त्यांची बैठक नव्याने करावी लागली, वरून पेट्रोल आणणारी नळीही नवी. बैठक तिरकी झाली तर फवारा भिंतीवर जाणार, आणि रबराची कडी नीट बसली नाही तर हवा निसटणार. सागरने बैठका जोडल्या, मी कड्या बसवल्या. आत हवा भरून वर साबणाचं पाणी सोडलं. एका बैठकीला बुडबुडे आले. काढली, पुन्हा बसवली. मग नाही आले. नवा पिस्टनही बसवला.

राहिलं ते पेट्रोलचं माप ठरवणं. ते लॅपटॉपवर ठरतं, ड्रायव्हरच्या शेजारी बसून, मांडीवर ठेवून. त्याला एकच हात लागतो. हे आधी आमच्या कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. प्रज्ञेशच्याही नव्हतं. गाडीत बसल्यावर त्याला उमगलं, तेव्हा तो काचेतून माझ्याकडे असा काही बघत राहिला की मी आपली पदराने काच पुसायला लागले.

सड्यावर ती दोघं बहीणभाऊ गाडी घेऊन फिरायची आणि भांडण मला बांधापर्यंत ऐकू यायचं.

"थर्डमध्ये पूर्ण दाब!"

"दाबतेय ना! तू आकडे बग, रस्ता मी बगते!"

"सोड, सोड! आता परत."

थंडीत कातळावर मोटारींची शर्यत होती. मनाली उतरली. बाकीचे सगळे पुरुष, चिलखत घातल्यासारखे कपडे घालून. हिने मी शिवलेला सदरा घातला होता, वर हेल्मेट. लाल धुळीत गाडी दिसेना, फक्त टर्बोची शीळ ऐकू यायची. प्रज्ञेश दोरीला टेकून उभा होता, डोळे मिटून. ती आमच्या गटात दुसरी आली. लोक टाळ्या वाजवत होते, सागर नाचत होता. मनाली धुळीने माखलेली खाली उतरली आणि भावासमोर उभी राहिली, काय म्हणतो बघत. त्याने बॉनेटवर डावा हात ठेवला आणि म्हणाला, "ताई, दुसऱ्या वळणानंतर एक बारीक शिट्टी येत होती. पाइपची पट्टी ढिली झालीय. पुढल्या वेळी पहिली येशील."

पुढल्या वेळी, असं तो म्हणाला. मी बाजूला जाऊन रडून घेतलं.

म्हणून या गाडीबाबत माझी इच्छा अशी. गाडी कागदोपत्री माझ्या नावावर आहे. ती प्रज्ञेश आणि मनाली या दोघांना मिळून देते. सांगाडा एकाचा, इंजिन दुसऱ्याचं असं कोणी समजूतदारपणे सुचवील. ते ऐकू नये. गाडी आणि इंजिन वेगळी करू नयेत. एकाला विकायची असेल तर दुसऱ्याच्या लेखी संमतीशिवाय विकता येणार नाही. मुरुड आणि खेडशी यांत अंतर आहे, ही गाडी मध्ये असली तर ते वाढणार नाही.

तसंच, ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर काढायची नाही. असे बदल केलेल्या गाडीला तिथे परवानगी नाही आणि शेजाऱ्यांच्या कानांनाही उसंत हवी. शर्यतीला टेंपोत घालून न्यावी.

कलम चार. वर्कशॉपची हत्यारं.

त्या शर्यतीनंतर लोक गाड्या घेऊन येऊ लागले. कोणाला मॅनिफोल्ड हवा, कोणाला इंजेक्टरचं माप बसवून हवं, बहुतेकांची साधी दुरुस्ती. प्रज्ञेश आज डाव्या हाताने काम करतो, उजव्या हाताला सागरने बनवलेली पकड लावतो आणि त्याच्या हाताखाली दोन कारागीर आहेत. सगळी हत्यारं त्याचीच आहेत, मी ती देणारी कोण. माझ्या मालकीच्या फक्त गोल कानशी आणि गॅस्केट कापायची कात्री. कानशी त्याला. कात्री मनालीला. ती मूळची माझी कापडाची चांगली कात्री, इंजिनाच्या सांध्यांत घालायच्या गॅस्केटचा जाड कागद कापून बोथट झाली. कापडाच्या कात्रीने कागद कापू नये असं मी जन्मभर शिवण शिकणाऱ्या मुलींना दटावलं. आता त्या कात्रीकडे बघून मला वाईट वाटत नाही.

कलम पाच. शिवणाचं मशीन, दागिने, पोस्टातली शिल्लक.

मशीन विमला साळवी हिला. ती माझ्यासोबत दुकानात बसायची आणि मी इंजिनापाशी असताना तिने एकटीने दुकान चालवलं, माझी गिऱ्हाइकं सांभाळली, आणि एकदाही त्याची आठवण करून दिली नाही. बोरमाळ मनालीला. पोस्टातली शिल्लक दोघांत सारखी.

प्रज्ञेशचं लग्न ठरलं होतं, ते अपघातानंतर मुलीकडच्यांनी मोडलं. मुलगी चांगली होती, तिच्यावर राग नाही. पण मध्यस्थाने साखरपुड्याची साडी वाण्याच्या दुकानात ठेवून निरोप पाठवला, तोंड दाखवलं नाही, त्याच्यावर आहे. त्या साडीची मी इंजिन पुसायला फडकी केली. ती तेल शोषत नाहीत. उरलेली दोन फडकी मध्यस्थाला पोचवावीत.

कलम सहा. दीर रघू गमरे.

बांधावरच्या दोन फणसांवरून आमचं भांडण जुनं आहे. कापा माझ्या हद्दीत, बरका नेमका रेषेवर. बरक्यावर मी हक्क कधी सोडला नाही, आणि "भंगारात घाल" या वाक्यानंतर तर मी तिथे काटेरी फांद्या रचल्या.

पण खरं ते लिहिलं पाहिजे. शर्यतीनंतरच्या उन्हाळ्यात रघू आपली जुनी जीप घेऊन आला, खळ्याबाहेर उभी केली आणि आत यायला धजेना. मीच हाक मारली. तो प्रज्ञेशला म्हणाला, "चढावाला दम लागतो हिला. बगशील का?" प्रज्ञेश म्हणाला, "काका, बॉनेट उघड." रघूने बॉनेट उघडलं आणि ते काम होईपर्यंत दांडा लावायचं सोडून हाताने वर धरून उभा राहिला. हात बदलत राहिला, पण सोडलं नाही. माफी असा शब्द त्याने उच्चारला नाही. मला तो ऐकू आला.

सबब बरका फणस मी रघूला देते, झाड आणि फळं दोन्ही. पतीच्या वडिलोपार्जित भातजमिनीत माझा जो हिस्सा येईल तो दोन्ही मुलांना सारखा, आणि रघूने तो कसत राहावं. काट्या मी स्वतः काढल्या आहेत.

कलम सात. माझ्यानंतर.

पुण्यानुमोदन साधं करावं. वंदना व्हावी, जेवण वरण-भाताचं असावं. वर्कशॉप त्या दिवशी बंद ठेवलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी उघडावं. कोणाची गाडी उघडी पडलेली असेल तर तिला माझ्यासाठी थांबवू नये.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी सागर दत्ताराम भाटकर याने करावी. तो जोडकामातला माणूस आहे, आणि दोन्ही मुलं त्याचं ऐकतात.

हे सर्व मी वाचून पाहिलं, समजून घेतलं, आणि खालील दोन साक्षीदारांसमोर सही केली. दोघांनाही या मिळकतीतलं काही मिळणार नाही. त्यांना चहा दिला आहे.

शेवटी एक. मी हे लिहिलं म्हणून कोणी माझ्या तब्येतीची चौकशी करत बसू नये. गाडीत शेजारी बसून बसून मला कंटाळा आला, म्हणून मनालीकडून मी गाडी शिकले आहे. येत्या मंगळवारी माझी लायसनची परीक्षा आहे. इन्स्पेक्टरने गाडी उलटी घेऊन वळवायला सांगितली तर जरा अडचण आहे, बाकी तयारी पूर्ण आहे.

सही: सुनंदा भिकू गमरे

साक्षीदार:
१. डॉ. ज्ञानेश्वरी पाथरे, रत्नागिरी. (सही)
२. गंगाराम सखाराम पाष्टे, निवृत्त शिक्षक, खेडशी. (सही)

ठिकाण: खेडशी, रत्नागिरी
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५